पगारवाढ: अप्रेझलआधी मागावी की ऑफर लेटर दाखवून?

पुण्यातल्या आयटीत दोनेक वर्षं काढली की हे दोन रस्ते समोर येतात. एप्रिलमध्ये वाढ देणाऱ्या कंपनीत टीमचं बजेट बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरतं, म्हणून मॅनेजरशी डिसेंबर-जानेवारीतच बोला. सोबत एक पान न्या: कुठलं मॉड्यूल एकट्याने सांभाळलं, रिलीजनंतरचे बग किती घटले, आणि हवा तो नेमका आकडा. अप्रेझलचं, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचं, रेटिंग लागल्यावर मागितलंत तर त्याच्याही हातात फारसं उरत नाही.

दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवल्यावर वाढ मोठी मिळू शकते. पण जायची तयारी नसेल तर ऑफर दाखवूच नका. नकार आला की राजीनामा, वर 60 ते 90 दिवसांची नोटीस. काउंटर ऑफर, म्हणजे तुम्हाला थांबवायला आपल्याच कंपनीने देऊ केलेली वाढ, ईमेलवर घ्या. त्यात सीटीसी (बोनस वगैरे धरून कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) नव्हे, फिक्स्ड पगार बघा: रिटेन्शन बोनस, म्हणजे थांबण्यासाठी दिलेली रक्कम, अनेकदा मुदतीआधी सोडल्यास परत द्यावा लागतो.