जॉन्सनचे फोन: सात महिने ऐकल्यावर

लिंडन जॉन्सन अमेरिकेचा अध्यक्ष असताना व्हाइट हाउसमधले फोन गुपचूप टेप करायचा. समोरच्या बहुतेकांना पत्ताच नसायचा. (सात महिने रोज कानात बोलतोय, त्यामुळे माझ्या तोंडी तो एकेरीवर आलाय. चालवून घ्या.) आपण गेल्यावर ५० वर्षं हे सगळं कुलुपात राहावं अशी त्याची इच्छा होती. तो १९७३ मध्ये गेला, पण टेप १९९३ पासूनच खुल्या व्हायला लागल्या. आता ऑस्टिनमधल्या जॉन्सन ग्रंथालयामार्फत ६०० तासांहून जास्त ऐवज घरबसल्या फुकट ऐकता येतो.

आधी तक्रारी. डिक्टाफोनच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर उमटवलेले हे आवाज आहेत. खरखर असते, मध्येच आवाज बुडतो, त्यात टेक्सासचा हेल. पहिले पंधरा दिवस निम्मं डोक्यावरून गेलं. बसमध्ये ऐकायचा नाद सोडला आणि रात्री भांडी आवरल्यावर हेडफोन लावायला लागलो, तेव्हा कुठे जमलं. सगळ्या फोनांचे लिखित उतारे नाहीत. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरने केलेले मात्र फार मेहनतीचे आहेत. टेपचे क्रमांकही कोड्यासारखे: ६४०५ म्हणजे १९६४ चा मे. हे कळायला मला महिना लागला.

मी सुरुवात चुकीची केली. सगळे करतात तशीच, पँटच्या फोनपासून. ९ ऑगस्ट १९६४ ला हा गृहस्थ हॅगर या कपड्यांच्या कंपनीच्या मालकाला फोन करून पँट्स मागवतो. खिसे आणखी इंचभर खोल हवेत, चाकू आणि पैसे पडतात. मग शिवण कुठे काचते याचं सविस्तर वर्णन, आणि मध्ये एक ढेकर. हसून पुरेवाट. पुढे तारखांच्या क्रमाने ऐकत परत तिथे पोचलो तेव्हा हसू आलं नाही. दोनच दिवसांपूर्वी टोंकिनचा ठराव मंजूर झालेला होता, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी. व्हिएतनाममध्ये हवं ते करायची मुभा खिशात होती.

म्हणून सांगतो, निवडक ऐकू नका, क्रमाने ऐका. आपण वाचतो त्या इतिहासात नागरी हक्क (काळ्यांच्या समान हक्कांचा लढा) एका प्रकरणात आणि व्हिएतनाम दुसऱ्यात असतं. फोनवर अशी प्रकरणं पाडलेली नाहीत. २७ मे १९६४ चा रिचर्ड रसेलचा फोन घ्या. जॉर्जियाचा हा सिनेटर एकेकाळी जॉन्सनचा गुरू. त्या दिवसांत तो नागरी हक्क विधेयकाविरुद्धच्या फिलिबस्टरचा म्होरक्या होता, म्हणजे भाषणं लांबवत नेऊन विधेयक कुजवायचं. ज्याला सिनेटमध्ये पाडायचं, त्याच्यापाशीच जॉन्सन व्हिएतनामचं दुखणं उघडं करतो. त्याच दिवशी सल्लागार बंडीला तो सांगतो की हे लढण्याच्या लायकीचं वाटत नाही, पण बाहेरही पडता येईलसं दिसत नाही. सैन्य उतरायच्या नऊ-दहा महिने आधीचं हे बोलणं! दोन आठवड्यांनी, १० जूनला, ७१ विरुद्ध २९ मतांनी फिलिबस्टर मोडला.

सगळ्यात जड गेला तो ४ ऑगस्टचा दिवस. व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याच्या बातम्या येताहेत (जो झालाच नव्हता, हे आता आपल्याला माहीत आहे), प्रतिहल्ल्याची तयारी चाललीय, आणि संध्याकाळी एफबीआयचा फोन येतो. मिसिसिपीत जूनपासून बेपत्ता असलेल्या चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तिघा नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या शोधात मातीच्या बांधाखाली मृतदेह सापडलेत. जॉन्सन घरच्यांना कळवण्याचं बोलतो. मग फोन पुन्हा युद्धाकडे. रात्री साडेअकरानंतर तो टीव्हीवर येतो ते बॉम्बफेकीचं सांगायला.

१५ जानेवारी १९६५ चा मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबरचा फोनही चुकवू नका. त्या दिवशी किंग ३६ वर्षांचे झाले. जॉन्सन म्हणतो, मतदान नाकारल्याचं सगळ्यात वाईट उदाहरण शोधा आणि लोकांपुढे वाजवत राहा. किंग त्याला त्याच्याच भाषेत, आकड्यांत उत्तर देतात: दक्षिणेतली जी राज्यं तुम्ही निवडणुकीत हरलात तिथे ४० टक्के काळ्या मतदारांचीही नोंदणी नाही. मार्चमध्ये सेल्माच्या पुलावर मतदानहक्कासाठी निघालेल्या मोर्चावर लाठ्या चालल्या आणि दुसऱ्याच दिवशी व्हिएतनाममधल्या दा नांगला अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले.

'नागरी हक्कांत थोर, पण व्हिएतनामने बुडवला' हे जॉन्सनबद्दलचं ठरलेलं वाक्य मीही बोलायचो. आता जीभ अडखळते. रसेलचा फिलिबस्टर मोडणारी हातोटी आणि ८८ विरुद्ध २ करणारी हातोटी एकच आहे. मतं मोजायची, गोंजारायचं, दरडावायचं, समोरच्याला श्वास घ्यायला जागा द्यायची नाही. कानाने ऐकल्यावर दोन जॉन्सन वेगळे काढता येत नाहीत.

आमच्या आईला तो फक्त पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या मदतीतून आलेल्या, लाल गव्हामुळे ठाऊक. एकदा तिला हेडफोन लावून दिला. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "हा माणूस समोरच्याला बोलू का देत नाही रे?"

सध्या १९६६ मध्ये आहे. टेप विरळ होत चालल्यात, आणि बोलणी बहुतेक युद्धाचीच.