टिंडर, हिंज, बंबल: या डेटिंग ॲपवर पुरुषांनी पेड प्लॅन घ्यावा का?

बहुतेकांनी घेऊ नये. घ्यायचाच असेल तर आधी प्रोफाइल दुरुस्त करून, आणि एकाच महिन्यापुरता.

टिंडरच्या बूस्टपासून सुरुवात करू, कारण मॅच (दोघांनी एकमेकांना लाइक करणं) येईनासे झाले की पहिलं बोट त्यावरच जातं. बूस्ट तुमचं प्रोफाइल 30 मिनिटं आसपासच्या लोकांपुढे वर आणतो. बस, एवढंच. पहिला फोटो पडेल असेल, तर तोच पडेल फोटो आणखी जास्त जणी डावीकडे सरकवतात, म्हणजे नाकारतात, आणि पैसे भरूनही काही होत नाही म्हणून माणूस अधिकच खचतो. टिंडरच्या गोल्ड या पेड प्लॅनमधली खरी कामाची सोय एकच: तुम्हाला कोणी लाइक केलं ते दिसतं. पण फुकटच्या खात्यातही धूसर फोटोंसोबत आकडा दिसतो. तो दोन-तीनवरच अडला असेल तर पडदा उघडायला पैसे कशाला?

हिंज तिघांत उजवं. सहा फोटो, तीन प्रश्नांची उत्तरं, प्रत्येक उत्तराला 150 अक्षरांची मर्यादा. फुकटात दिवसाला आठच लाइक मिळतात, हा मला दोष वाटत नाही, हात आवरतो. लाइक विशिष्ट फोटोला किंवा उत्तराला जातं, सोबत टिप्पणी लिहिता येते. ती लिहाच. ‘फिरायला आवडतं’ या उत्तरावर समोरचीने काय बोलावं? ‘ट्रेकला निघताना दरवेळी टॉर्च विसरतो’ यावर बोलता येतं.

बंबलवर स्त्री-पुरुष मॅच झाला की पहिला मेसेज तिचा, तोही 24 तासांत. 2024 पासून ती आधीच प्रश्न ठरवून ठेवू शकते आणि मग उत्तर तुम्ही द्यायचं. तिथे ‘हाय’ टाकणाऱ्याची तक्रार ऐकू नये.

फोटोंचं सांगायचं तर बिघाड बहुधा सेल्फीत असतो. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. दोष चेहऱ्याचा नसून अंतराचा आहे. मित्राला दोन मीटरवर उभं करा, 2एक्स लेन्स लावा, खिडकीचा उजेड तोंडावर घ्या, गॉगल काढा. ग्रुप फोटो चौथ्या-पाचव्या जागी चालतो, पहिल्या कधीच नाही.

आता आकड्यांचं. या ॲपवर साधारणपणे पुरुष जास्त, स्त्रिया कमी. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या 2022 च्या अमेरिकी सर्वेक्षणात, वर्षभरात ऑनलाइन डेटिंग वापरलेल्या पुरुषांपैकी 64 टक्क्यांना मेसेज न आल्याने असुरक्षित वाटलं होतं, तर 54 टक्के स्त्रिया मेसेजच्या ढिगाने हैराण होत्या. म्हणजे उत्तर न येणं हा बऱ्याचदा गर्दीचा परिणाम असतो. ॲप पहिल्या फोटोवरचे काही सेकंद मोजतं. तुमचा आवाज, विनोद, शब्द पाळण्याची सवय त्यात येतच नाही. मॅचच्या आकड्यावरून स्वतःची किंमत ठरवणाऱ्यांना पुढे ‘अल्फा’, म्हणजे वरचढ मर्द, बनवणारे कोर्स गाठतात, आणि ते कुठल्याही गोल्डपेक्षा वाईट सौदा आहेत.

प्लॅन घेतलाच तर ऑटो-रिन्यू त्याच दिवशी बंद करा. महिना पूर्ण वापरता येतो. ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणून सबस्क्रिप्शन थांबत नाही. ॲप स्टोअर किंवा प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथेच जाऊन रद्द करावं लागतं.