45 पीपीआय फिल्टर फोम: हाडाच्या स्कॅफोल्डसाठी साचा म्हणून कसा?

मत्स्यटाकीच्या किंवा एअर फिल्टरच्या दुकानात मिळणारा हा जाळीदार पॉलियुरेथेन फोम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे (हाडातल्या मुख्य खनिजाचे) सच्छिद्र ठोकळे, म्हणजे नव्या हाडाला आधार देणारे स्कॅफोल्ड, बनवायला उत्तम आहे: फोमला स्लरीचा (खनिजाची पावडर आणि पाणी यांच्या घोळाचा) लेप द्यायचा, मग भट्टीत फोम जाळून टाकायचा. अट एकच: तो खरोखर 'रेटिक्युलेटेड' हवा, म्हणजे छिद्रांमधले पातळ पडदे काढून टाकलेले हवेत. गादीचा किंवा पॅकिंगचा फोम वरून तसाच दिसतो, पण पडदे शाबूत असल्यामुळे स्लरी तिथेच अडकते. तुकडा तोंडाला लावून फुंकर मारा. हवा विनासायास आरपार गेली तरच घ्या. रंगीत तुकडा टाळा, कारण रंगात धातू असेल तर तो जळून जात नाही, ठोकळ्यातच उरतो.

45 पीपीआय म्हणजे इंचाला साधारण 45 छिद्रं, म्हणजे छिद्रामागे सुमारे 0.56 मिमी. लेप आणि भट्टीतलं आकुंचन वजा जाता 300 ते 400 मायक्रॉन उरतात, आणि हाडाच्या पेशींना व रक्तवाहिन्यांना आत शिरायला तेवढी जागा चांगली ठरते. 60 पीपीआयचा फोमही वापरतात, पण त्यात छिद्रं बुजण्याचं प्रमाण वाढतं. 20 टक्के आकुंचन धरलं तर 10 मिमीच्या ठोकळ्यासाठी 12.5 मिमीचा तुकडा लागतो. तो कात्रीने कापू नका, कडा दबतात. नवं ब्लेड घ्या.

स्लरीसाठी 900 अंशांवर आधी भाजलेली हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटची पावडर 50 ग्रॅम, पाणी 50 मिली आणि बांधणीला पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा चिकट पदार्थ) दीड ग्रॅम. कच्ची बारीक पावडर पाणी फार ओढते आणि लेप वाळताना तडकतो. फोम बुडवून दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग रोलरखाली एक तृतीयांश जाडीपर्यंत दाबून जादा स्लरी काढा आणि हलक्या हवेने फुंका. पुष्कळ ठोकळे बिघडतात ते याच पायरीला: कमी पिळलं तर मध्यभाग बुजतो, जास्त पिळलं तर दांड्या (फोमच्या जाळीचे धागे) उघड्या पडतात. स्लरी फोमला धरतच नसेल तर आधी सौम्य कॉस्टिक सोड्यात थोडा वेळ भिजवून खळखळून धुवा. पॉलिएस्टर प्रकार त्यात जास्त वेळ राहिला तर कुजतो.

जाळीवर ठेवून 24 तास सावलीत वाळवा. भट्टी 600 अंशांपर्यंत मिनिटाला 1 अंश याच वेगाने चढवा. घाई केली तर फोमचा वायू लेप फोडून बाहेर पडतो. या टप्प्यात निघणारा धूर विषारी असतो, एक्झॉस्ट नसेल तर हा प्रयोगच करू नये. पुढे 1250 अंशांवर 2 तास. 1350 च्या आसपास हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट विघटित होऊ लागतं. ठोकळ्याखाली अ‍ॅल्युमिनाची जाडसर भुकटी पसरली नाही, तर आकसताना तळ चिकटतो आणि वाकतो.

आता मुख्य तक्रार. फोम जळून गेल्यावर प्रत्येक दांडी आतून पोकळ राहते, तीन धारांच्या नळीसारखी. एकाच लेपाचे ठोकळे बहुधा 1 मेगापास्कलच्याही खाली चुरतात. खऱ्या स्पंजी हाडाची ताकद साधारण 2 ते 12 मेगापास्कल असते. भाजल्यावर पातळ स्लरीचा दुसरा लेप व्हॅक्यूमखाली दिला तर फरक पडतो, पण सच्छिद्रता घटते. त्यामुळे वजन पेलणाऱ्या जागेसाठी हा साचा निवडू नका. पेशी वाढवण्याच्या चाचण्यांना आणि लहान पोकळी भरण्याच्या अभ्यासाला मात्र, या किमतीत दुसरं काही शोधायची गरज नाही.