अपडेट ३० टक्क्यांवर होतं आणि खात्यातून ७९,३४९ रुपये गेले

लिहू की नको यातच दोन महिने गेले. लाज वाटत होती, अजून वाटते. कारण ओटीपी कोणाला सांगू नका हे दिवसातून पन्नास बायकांना सांगणारी मीच आहे. पण परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका झेरॉक्सवाल्या दादांचं अगदी असंच झालं, तोच निळा स्क्रीन, तेच ३० टक्के, म्हणून आता लिहितेच.

माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं सेंटर आहे, खान्देशातलं तालुक्याचं गाव, नाव लिहीत नाही. १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. लाडकी बहीणच्या ई-केवायसीची तेव्हा १८ तारीख शेवटची होती (ती मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, पण त्या दिवशी कोणाला माहीत होतं), त्यामुळे दुकानात बायकांची रांग, साइट हँग, आणि प्रत्येकीचं एकच, "ओटीपी उना नही व ताई." त्यातच कॉम्प्युटर सारखा अपडेट मागत होता. अपडेट लावलं की थोडं पुढे जायचं आणि फेल, कोड ०एक्स८००७०६४३. रिट्राय दाबलं की परत तेच. हे कित्येक महिन्यांपासून चालू होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. पण १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला ही बातमी खरी होती, माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ त्याच्यावर नियमात बसत नाही, आणि मनात भीती बसली होती की आता ही सरकारी साइट एक दिवस उघडणारच नाही. रांगेत बायका उभ्या असताना कॉम्प्युटर बंद पडला तर काय करायचं ते दुकान चालवणाऱ्यालाच कळेल.

तो कोड मी जसाच्या तसा सर्चमधे टाकला. सगळ्यात वर जे आलं त्यात हेल्पलाइन नंबर होता. बाजूला बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड लिहिलेलं होतं ते मी नंतर बघितलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमधे फोन नंबर कधीच नसतो, हे आता पाठ झालंय.

३ वाजून १० मिनिटांनी फोन लावला. माणूस हिंदीत बोलत होता, आवाज एकदम सभ्य, मॅडम मॅडम. कॉम्प्युटरमधे एक ॲप टाकायला लावलं, त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर मागितला, स्क्रीन त्याच्या हातात. मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोज आपल्या रोजच्या बारीकसारीक नोंदी ठेवतं ती यादी) उघडून लाल खुणा दाखवल्या, शेकड्यानी. "ये सब व्हायरस है." चांगल्या चालू कॉम्प्युटरमधे पण त्या खुणा असतात हो, तुमच्यात आत्ता उघडून बघा. मग कमांडच्या काळ्या खिडकीत नेटस्टॅट (चालू असलेल्या कनेक्शनची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं, तिथं फॉरेन अ‍ॅड्रेस असा रकाना येतो, त्याचा अर्थ समोरच्या टोकाचा पत्ता एवढाच. हा म्हणतो, परदेशातून लोक तुमच्या कॉम्प्युटरमधे बसलेत, ग्राहकांचे आधार नंबर जातायत. आधार म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. माझ्याकडे अख्ख्या गावाचे कागद असतात. मी घाबरले ती स्वतःसाठी नाही, हे मला इथं स्पष्ट लिहायचंय.

मग म्हणे विंडोज १० एक्सपायर झालं, एक वर्षाचं एक्स्टेंशन लायसन्स लागेल, ४,९९९ रुपये. मी ३ वाजून ३५ मिनिटांनी यूपीआयने भरले. खरं काय तर मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जास्तीचे सिक्युरिटी अपडेट देतंय, सेटिंगमधूनच नाव नोंदवायचं, बॅकअप सिंक चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर एकदाच. फोनवर कोणी विकत नाही.

लायसन्सचा कोड मेसेजवर येईल म्हणून तसंच ॲप मोबाइलमधे पण टाकायला लावलं आणि मोबाइल उलटा ठेवा, हात लावू नका म्हणाला. मी तो झेरॉक्स मशीनवर उलटा ठेवला, स्पीकर चालू.

आणि मग तो स्क्रीन आला. पूर्ण निळा. वर्किंग ऑन अपडेट्स, ३० टक्के, गोल फिरणारे ठिपके, कॉम्प्युटर बंद करू नका. मला एवढं हायसं वाटलं, महिनोन् महिने न होणारं अपडेट होतंय म्हणून. बायकांना सांगितलं बसा थोडं, झेरॉक्स पण चालू करू दिली नाही, इन्व्हर्टरवर लोड येऊन कॉम्प्युटर बंद पडायला नको.

इथं मला कळायला पाहिजे होतं. इथंच. त्या निळ्या स्क्रीनवर माऊसचा बाण होता. पांढरा बारका बाण, ३० च्या शेजारी, आणि तो आपोआप थोडा सरकला. खरं अपडेट लागताना बाण नसतो, मी शंभरदा बघितलेला स्क्रीन आहे तो. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, कंपनीचा लोगो येतो, इथं लोगो आलाच नव्हता. आणि रीस्टार्ट झाला असता तर त्याचं कनेक्शन तुटलं असतं, तो फोनवर "मॅडम, तीस परसेंट हो गया" कसं म्हणाला असता? तो बाण मी डोळ्यांनी बघितला आणि मनात म्हटलं माऊस खराब झाला असेल. अजून रात्री तो बाण दिसतो मला. ब्राउझरमधे पूर्ण स्क्रीनवर लावलेलं नुसतं चित्र होतं ते, आणि त्याच्यामागे माझी नेटबँकिंग उघडली होती. पासवर्ड ब्राउझरमधे सेव्ह होता. हो, होता, दिवसाला चाळीस साइट उघडणाऱ्या माणसाने किती पासवर्ड लक्षात ठेवायचे? पण बँकेचा तरी सेव्ह ठेवू नका, आजच काढून टाका.

ओटीपी मी एकही सांगितला नाही. त्याला गरजच नव्हती, मोबाइलचा स्क्रीन त्याला दिसत होता.

४ वाजून १२ मिनिटांनी ४९,५०० गेले. मला कळलं ४:३७ ला, बचत गटातल्या वहिनींचा फोन आला म्हणून मोबाइल उचलला तेव्हा. कॉम्प्युटरची वायर ओढली आणि ४:४१ ला बँकेच्या हेल्पलाइनला लावला. भाषा निवडा, एक दाबा, तीन दाबा, गाणं ऐका, माणूस बोलला ४:५२ ला. ब्लॉक करतो म्हणाला. आणि ४:५८ ला अजून २४,८५० गेले. कारण मोबाइलमधलं ते ॲप तसंच चालू, आणि मी त्याच मोबाइलवरून बँकेशी बोलत होते! असं कोणावर आलं तर आधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला लावा, आणि तिसऱ्या फोनवरून १९३० ला, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. दोन्ही एकदम.

४,९९९, ४९,५०० आणि २४,८५०. त्यातले १८,६०० माझे नव्हतेच, पोरांच्या परीक्षा फीचे होते, ते मी दुसऱ्या दिवशी अंगठी मोडून भरले. घरी आत्याबाईंनी नुसतं विचारलं, "काय व्हयनं व?" मला सांगता आलं नाही.

१९३० सारखा बिझी, ५:२६ ला लागला, तक्रार घेतली, नंबर दिला. त्यांच्यामुळे निदान ११,३०० रुपये कुठल्यातरी खात्यात अडकवले गेले. पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा सांगितलं. गावातल्या पोलिसांकडे गेले तर हे आमच्याकडे येत नाही, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला दुकान बंद ठेवून, एसटीने जाऊन साडेतीन तास बाकड्यावर बसले, तर ऑनलाइन केलीय ना तक्रार, मग वाट बघा. तिथं एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, तुम्ही तर कॉम्प्युटरवाल्या ना ताई. मला रडू आलं. मी गुन्हेगार आहे का? तीन चकरा झाल्या, प्रत्येक वेळी साहेब वेगळे आणि पहिल्यापासून सांगा. तिसऱ्या वेळी मी सगळं टाइप करून, मिनिटामिनिटाची वेळ टाकून कागदच हातात दिला, तो पण न वाचता फाइलमधे गेला.

बँकेचं तर विचारूच नका. मॅनेजर म्हणे तुमचीच चूक, आणि तसं पत्रच दिलं, ग्राहकाचा निष्काळजीपणा. ठीक आहे, ४९,५०० साठी मी भांडत नाही. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी स्वतः प्रिंट काढून वाचलंय. ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात ते बँकेने सोसायचे. मी कळवलं ४:४१ ला, माणसाशी बोलले ४:५२ ला, २४,८५० गेले ४:५८ ला. बँक म्हणते तक्रार ५:२० ला नोंदली, मेसेज तेव्हाचा आहे. अरे, तक्रार नंबर ताबडतोब द्यायचा हे त्याच परिपत्रकात लिहिलंय, तुम्ही उशिरा नोंदली ती माझी चूक कशी? कॉल लॉगचा स्क्रीनशॉट मी त्याच दिवशी काढून ठेवला होता, तेवढं एक शहाणपण झालं, तुम्ही पण काढत जा.

आणि संताप कशाचा येतो सांगू? तो कोड. भाचा दिवाळीला आला नव्हता, डिसेंबरमधे आला, त्याने दहा मिनिटात सांगितलं. रिकव्हरी पार्टिशनसाठीचं (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी डिस्कवर राखून ठेवलेला भाग) अपडेट आहे ते, जानेवारी २०२४ पासून हजारो लोकांना हाच कोड येतोय, त्या पार्टिशनमधे २५० एमबी मोकळी जागा लागते आणि जुन्या मशीनमधे ती नसते. कॉम्प्युटरचं त्यावाचून काही अडत नाही. व्हायरस नाही, काही नाही. बाकीचे अपडेट अडत असतील तर सेटिंगमधे ट्रबलशूट चालवा, सी ड्राइव्ह मोकळा करा, अपडेटची सर्व्हिस थांबवून सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन फोल्डरचं नाव बदला आणि परत चालू करा, एवढ्यात बहुतेक वेळा होतं, आणि यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

बँकेला तक्रार देऊन ३० दिवस झाल्यावर २२ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकलीय, फक्त २४,८५० ची. उत्तर अजून नाही, त्यांच्या १४४४८ या हेल्पलाइनला लावलं तर प्रक्रियेत आहे एवढंच सांगतात. कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेकडून कोणाला परत मिळाले असतील तर कोणते कागद जोडले होते ते प्लीज सांगा. कॉल लॉग, पासबुकची नोंद आणि १९३० ची पावती मी जोडलीय. मोबाइल कंपनीकडून कॉलचं अधिकृत रेकॉर्ड मागितलं तर ते देतात का, आणि किती दिवसात?