ओट्स की गव्हाच्या कोंड्याचं सीरियल?

वजन कमी करायचं म्हणून नाश्त्याला फायबर वाढवायचं असेल, तर माझं मत ओट्सच्या बाजूने आहे. आकडे मात्र कोंड्याच्या बाजूने बोलतात: 40 ग्रॅम ओट्समध्ये साधारण 4 ग्रॅम फायबर, तर तेवढ्याच कोंड्याच्या सीरियलमध्ये 10 ग्रॅमच्या आसपास.

पण ओट्समधलं बीटा-ग्लुकन नावाचं फायबर पाण्यात विरघळतं. शिजताना चमच्याला चिकटणारा तो बुळबुळीतपणा त्याचाच. पोटातही ते असंच दाट होतं, अन्न हळूहळू पुढे सरकतं आणि भूक लांबते. डाएट करताना खरी परीक्षा अकरा वाजताच्या भुकेची असते, म्हणून मला हे जास्त मोलाचं वाटतं. अख्खे किंवा जाड ओट्स घ्या. झटपट शिजणारे लवकर पचतात.

कोंड्याचं फायबर बहुतेक न विरघळणारं. बद्धकोष्ठता असेल तर तोच निवडा, फरक लवकर जाणवतो. फक्त पाकिटामागची साखर वाचा. काही सीरियलमध्ये ती बरीच जास्त असते.

दोन्हींपैकी काहीही घ्या, सुरुवात अर्ध्या वाटीने करा आणि पाणी वाढवा, नाहीतर पोट फुगतं आणि चांगली सवय आठवड्यातच सुटते.