ऑझीची पार्किन्सन्सवाली मुलाखत: साडेतीन स्टार, तेही फक्त त्याला

जानेवारी २०२० ची ती मुलाखत परत बघितली, एबीसीच्या 'गुड मॉर्निंग अमेरिका'वरची, ज्यात ऑझी ऑस्बर्नने पहिल्यांदा उघड सांगितलं की मला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे. पाचातले साडेतीन देतोय, शोला वेगळे मागितले तर दोनच.

शोचं रडगाणं नेहमीचंच, सकाळचा टाइम, त्यात ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गायक आजारी, म्हणजे मसाला आयताच मिळाला, मग जुन्या कॉन्सर्टचे तुकडे, पोरांचे बाइट्स, आणि माणूस जरा मोकळं बोलायला लागला की कट. मुलाखत घेणाऱ्या रॉबिन रॉबर्ट्स बाई मात्र आवडल्या, स्वतः कॅन्सरमधून गेलेल्या आहेत म्हणून असेल पण उगाच चुकचुकत नाहीत.

आजाराची माहिती त्याची बायको शॅरन देते. पीआरकेएन २ नावाचा प्रकार आहे, म्हणजे काही मृत्यूची शिक्षा नव्हे, दोन दिवस बरे जातात नि मग एक दिवस फार वाईट. आता शॅरनच जास्त बोलते म्हणून कुरकुरणारे फॅन्स आहेतच, पण अहो, डॉक्टरसमोर नवऱ्याचं दुखणं बायकोच सांगते की, आपल्याकडे काय वेगळं असतं?

खरा माल ऑझी बोलतो तिथे आहे. २०१९ मध्ये पडला, २००३ च्या क्वाड बाइक अपघाताचं जुनं दुखणं वर आलं, मानेचं ऑपरेशन झालं, आता एक हात बधिर, पाय गार पडतात, आणि हे ऑपरेशनमुळे की पार्किन्सन्समुळे ते मलाच माहीत नाही, असं सरळ सांगतो. लपवून ठेवलं की अपराधी वाटतं आणि आता माझ्याकडच्या सबबी संपत आल्यात, हेही. आमच्या ओळखीतल्या एका काकांना कंपवात आहे, चारचौघांत उजवा हात कायम खिशात. त्यांना रॉकमधलं ओ की ठो कळत नाही, पण हा सबबीवाला भाग त्यांनी मागे घेऊन परत ऐकला.

अजून एक, बायकापोरं कामाला जातात आणि मी घराला काही हातभार लावू शकत नाही, याचं त्याला वाईट वाटतं. एवढा पैसा असून! पण बर्मिंगहॅमच्या ॲस्टनमधल्या कामगाराच्या घरातलं पोर, कत्तलखान्यात काम केलेलं, ते डोक्यातून जात नसणार.

फॅन्सचं म्हणाल तर त्याच महिन्यात ऑझी मरणाच्या दारात असल्याच्या अफवा उठल्या होत्या, त्यामुळे खूप जणांची पहिली रिॲक्शन 'हुश्श, बसून बोलतोय तरी' अशी. मग कुणी बाबांचं सांगतंय, कुणी आईचं, कुणी स्वतःचं. काहींनी मात्र नाक मुरडलं की फेब्रुवारीत अल्बम येतोय ना, प्रमोशन आहे सगळं. असेल! म्हणून आजार खोटा होतो का? आणि २००२ मध्ये एमटीव्हीवर त्याच्याच घरातला रिॲलिटी शो लागायचा तेव्हा त्याचं अडखळत चालणं-बोलणं म्हणजे कॉमेडी होती, त्यावर अख्खं जग खिदळत होतं, त्यामुळे ही मुलाखत बघून जुने फॅन्स जास्त हलले याचं मला काही नवल नाही. चाहते म्हणजे माझा श्वास, त्यांनी साथ सोडू नये, मला त्यांची गरज आहे, असं तो बोलला आणि तिथेच बहुतेकांचा बांध फुटला.

तेव्हा पुष्कळांनी 'संपला' म्हणून निरोपही देऊन टाकला होता. पठ्ठ्याने त्यानंतर दोन अल्बम काढले, दुसऱ्याला २०२३ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले, आणि ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर सिंहासनावर बसून शेवटचा शो केला. २२ जुलैला गेला, ७६ व्या वर्षी. त्यामुळे आता बघताना शॅरनचं ते 'मृत्यूची शिक्षा नव्हे'वालं वाक्य नुसता धीर द्यायला म्हटलेलं वाटत नाही.

बघणार असाल तर सुरुवातीची नाटकं सरळ पुढे ढकला, आणि सबटायटल लावा पण आपोआप येणाऱ्यांवर फार विसंबू नका, बर्मिंगहॅमचा उच्चार आणि त्यात ऑझी, मशीनचाही घाम निघतो.