एकाच महाविद्यालयाच्या दोन पावत्या : 2013 आणि 2022

माझ्या मुलीने 2013 साली पुणे जिल्ह्यातील एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेला प्रवेश घेतला, आणि नऊ वर्षांनी, 2022 साली, मुलानेही त्याच महाविद्यालयात त्याच शाखेला प्रवेश घेतला. एकाच संस्थेची तीच सेवा एका कुटुंबाने दोनदा विकत घेतल्याने शुल्कवाढीची तुलना नेमकेपणाने करता येते. दोन्ही प्रवेशांच्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. मुलीची गुलाबी कार्बन प्रत आता घडीवर फाटत आली आहे, तर मुलाची पावती संगणकावरून छापलेली आहे. महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण आम्हाला आलेला अनुभव त्या एकाच संस्थेपुरता असेल असे मला वाटत नाही.

आधी आकडे पाहू. 2013 साली प्रथम वर्षाचे शिकवणी शुल्क 74,500 रुपये आणि विकास शुल्क 7,500 रुपये, असे एकूण 82,000 रुपये भरले. 2022 साली शिकवणी शुल्क 1,32,000 आणि विकास शुल्क 16,000, म्हणजे एकूण 1,48,000 रुपये झाले. याच काळात महागाई मोजणारा ग्राहक किंमत निर्देशांक (2012 साल 100 धरून) सुमारे 112 वरून सुमारे 174 वर गेला. म्हणजे शुल्क केवळ महागाईच्या बरोबरीने वाढले असते, तर ते सुमारे 1,27,000 रुपये व्हायला हवे होते. प्रत्यक्षात त्याहून 21,000 रुपये जास्त द्यावे लागले. दरवर्षीच्या हिशेबाने महागाई साधारण पाच टक्क्यांनी वाढली आणि शुल्क पावणेसात टक्क्यांनी. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो, परंतु पगारदार माणसाला तो कसा लागतो हे सांगायला हवे. 2013 साली मुलीचे शुल्क माझ्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढे होते, तर मुलाच्या वेळी ते जवळजवळ तीन महिन्यांच्या पगाराएवढे झाले.

यावर कोणी म्हणेल की सरकारी निर्देशांकात शिक्षणाचाही समावेश असतोच. तो असतो, पण 2012 पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत शिक्षणाचा भार, म्हणजे एकूण खर्चातला धरलेला वाटा, अवघा साडेचार टक्क्यांच्या आसपास होता आणि अन्नपदार्थ व पेयांचा जवळपास सेहेचाळीस टक्के. देशातील सर्व कुटुंबांची सरासरी काढायची तर ते योग्यच आहे. मात्र ज्या घरात मूल व्यावसायिक अभ्यासक्रमाला आहे, तिथे शिक्षणाचा वाटा त्या चार वर्षांत कित्येक पटींनी मोठा असतो. त्यामुळे वर्तमानपत्रात महागाई कमी झाल्याची बातमी येते आणि त्याच महिन्यात महाविद्यालयाची पावती पाहून पालकांच्या छातीत धस्स होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तुलनेसाठी कोणते वर्ष निवडतो यावर निष्कर्ष बदलतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आयआयटीचे बी. टेक.चे वार्षिक शिकवणी शुल्क 2013 साली 50,000 वरून 90,000 झाले आणि 2016 साली एकदम 2 लाख. त्यानंतर मात्र मूळ आकडा बराच काळ तेवढाच राहिला. तीन वर्षांत चौपट वाढ पाहिली तर ती भयंकर वाटते, आणि 2016 नंतरचा काळ घेतला तर महागाईच्या तुलनेत शुल्क उतरल्याचे दिसते. तिथे अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबातील मुले यांना माफी असल्याने छापील शुल्क सर्वांना भरावेही लागत नाही. म्हणूनच मी एकाच संस्थेची, एकाच शाखेची आणि प्रथम वर्षाची पावती समोर ठेवली आहे.

महाराष्ट्रात 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून या शुल्काचा प्रश्न न्यायालये आणि शासन यांच्यात फिरतो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने मोफत आणि सशुल्क अशा जागा आखून दिल्या. 2002 च्या टी. एम. ए. पै निकालाने ती व्यवस्था मोडली आणि संस्थांना शुल्क ठरवण्याचे स्वातंत्र्य दिले, मात्र नफेखोरी व कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी उकळली जाणारी देणगी) यांना मनाई कायम ठेवली. पुढे त्याच न्यायालयाच्या 2003 च्या निकालानंतर शुल्क ठरवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समित्या आल्या, आणि आपल्याकडे 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. संस्था आपला खर्च दाखवते, प्राधिकरण तो तपासते आणि शुल्क मंजूर करते. मंजूर शुल्काचा पाया म्हणजे संस्थेचा खर्च. बाजारातील भाववाढीशी त्याचा थेट संबंध नाही. खर्चात सर्वांत मोठा वाटा वेतनाचा असतो, आणि अध्यापन हे असे काम आहे की ते यंत्राने झटपट उरकत नाही. साठ मुलांच्या वर्गाला मृदा यांत्रिकी शिकवायला चाळीस वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. त्यामुळे शिक्षण इतर वस्तूंपेक्षा थोडे वेगाने महाग होणे मला समजू शकते, आणि शिक्षकाला चांगला पगार मिळत असेल तर तो फरक भरायला मी तयार आहे.

पण मग त्या वाढीव पैशांत काय मिळाले, हे पाहावे लागते. मुलाने दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतून सळईच्या ताण चाचणीचे छायाचित्र पाठवले. मुलीने ते पाहताक्षणी यंत्र ओळखले, कारण तबकडीच्या काचेला खालच्या डाव्या कोपऱ्यात तोच तडा होता आणि त्यावर तीच पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. एवढ्यावरून मी महाविद्यालयाला दोष देणार नाही. असे यंत्र नीट राखले तर दोन-तीन दशके चालते, आणि कार्यशाळेतील सहायकांनी ते खरोखर नीट राखले आहे, हे कौतुकाने सांगतो. माझा आक्षेप शिक्षकांबाबत आहे. मुलीला शिकवणाऱ्यांपैकी मुलाच्या वेळी दोघेच उरले होते. बाकीच्या जागी दर वर्षी नवे चेहरे येत, आणि सत्राच्या मध्यात शिक्षक बदलण्याची वेळ मुलावर दोनदा आली. दरम्यान, 2018 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण सैल करून वीस विद्यार्थ्यांमागे एक असे केले होते. म्हणजे संस्थेने नियमानुसार बाळगायचे शिक्षक कमी झाले आणि आमचे शुल्क मात्र वाढतच गेले. जे दोन जुने प्राध्यापक टिकले, त्यांनी मात्र दोन्ही मुलांना मनापासून शिकवले. मुलीच्या पहिल्या नोकरीचे श्रेय मी त्यांनाच देतो.

मंजूर शुल्काच्या खाली जी छोटी कलमे असतात, ती पाहून मी सर्वांत अस्वस्थ झालो. 2013 साली उपक्रम, विमा, ओळखपत्र, संमेलन असे सारे मिळून 4,200 रुपये होते. महागाईप्रमाणे ते 2022 पर्यंत साडेसहा हजार व्हायला हवे होते. प्रत्यक्षात 14,800 रुपये घेतले गेले, म्हणजे साडेतीन पट. त्यातील ‘कौशल्यविकास’ या एका कलमाखाली 6,000 रुपये होते, ज्यातून मुलाला दोन दिवसांची एक कार्यशाळा आणि एक प्रमाणपत्र मिळाले. ज्या रकमेवर प्राधिकरणाची नजर आहे ती पावणेदोनपटीहून थोडी अधिक वाढते, आणि जिथे कोणी विचारत नाही तिथे साडेतीनपट वाढते, हे मला फार बोलके वाटले. मी लेखा विभागात जाऊन तपशील मागितला. तेथील बाई सौजन्याने बोलल्या, चहाही पाजला, परंतु लेखी तपशील आजतागायत मिळाला नाही.

कर्जाविषयी थोडक्यात सांगतो. मुलासाठी आम्ही राष्ट्रीयीकृत बँकेतून 4 लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले. या मर्यादेपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही, ही मोठीच सोय आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. ते दरमहा भरत राहिलो, हा निर्णय योग्य ठरला. मुलींसाठी परिस्थिती आता खूप सुधारली आहे. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. माझी मुलगी आज प्रवेश घेती, तर त्या फाटक्या गुलाबी पावतीवरील सर्वांत मोठा आकडा आम्हाला भरावा लागला नसता. ती योजना फार पूर्वी यायला हवी होती.

या महाविद्यालयाला पाचपैकी तीन गुण देईन. कार्यशाळा, ग्रंथालय आणि ते दोन प्राध्यापक यांसाठी तीन. शिक्षकांची अस्थिरता आणि किरकोळ कलमांची वसुली यांसाठी दोन कापले. प्रवेश घेणाऱ्यांनी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचे मंजूर शुल्क पाहून त्याची छापील प्रत सोबत न्यावी, आणि पैसे भरण्यापूर्वी मंजूर रकमेव्यतिरिक्त प्रत्येक कलमाची वेगळी पावती मागावी. वसतिगृहाचे दर या मंजुरीत येत नाहीत असे गृहीत धरून त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

माझा भाचा यंदा कॅप फेरीचा (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) पसंतीक्रम भरत होता, तेव्हा आम्ही दोन्ही पावत्या त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने कराडचे शासकीय महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले, सांगलीचे वालचंद दुसऱ्या, आणि आमचे महाविद्यालय सहाव्या क्रमांकावर.